ओटिस रेडिंग अजून कुणाकुणाला आठवतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा ओटिस रेडिंग कोण?

अमेरिकेच्या दक्षिणेतला सोल गायक. जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, जॉर्जिया राज्यातल्या डॉसन गावचा. वाढला मात्र त्याच राज्यातल्या मेकन शहरात. वडील हवाई दलाच्या तळावर कामाला होते, पण क्षयाने आजारी. त्यामुळे पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि घरात पैसे आणायची वेळ आली. गळा चर्चमध्ये तयार झालेला होताच. मेकनच्या डग्लस थिएटरमधल्या गाण्याच्या स्पर्धा तो इतक्या वेळा जिंकला की शेवटी त्याला भाग घेऊ देईनात, असं सांगतात.

१० डिसेंबर १९६७ ला विमान अपघातात तो गेला. वय २६.

सोल म्हणजे नक्की कसलं गाणं?

कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधलं गॉस्पेल आणि ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या संगमातून पन्नास-साठच्या दशकांत घडलेलं गाणं. गाण्याची रीत चर्चची, विषय मात्र माणसांच्या प्रेमाचे आणि ताटातुटीचे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचं सोल इस्त्री केल्यासारखं नीटनेटकं असायचं. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीचं सोल खरखरीत होतं: व्हायोलिनचे ताफे नाहीत, ट्रम्पेट-सॅक्सोफोनचे ठोके, आणि गायकाचा श्वाससुद्धा ऐकू येईल असं रेकॉर्डिंग. ओटिस या दुसऱ्या जातकुळीतला.

जेमतेम पाच वर्षांची कारकीर्द. तरी एवढं नाव कसं?

सुरुवातच मजेशीर आहे. १९६२ मध्ये जॉनी जेन्किन्स नावाच्या गिटारवादकाचं रेकॉर्डिंग मेम्फिसला होतं आणि ओटिस त्याची गाडी चालवत आला होता. जेन्किन्सचं काही जमेना. शेवटी थोडा वेळ उरला, तेव्हा 'या ड्रायव्हरलाही एकदा गाऊ द्या' म्हणून त्याला माइकसमोर उभं केलं. त्याने गायलेलं 'दीज आर्म्स ऑफ माइन' हे त्याचं पहिलं गाजलेलं गाणं ठरलं.

पुढचं सगळं वेगात झालं. 'ओटिस ब्लू' हा त्याचा सर्वांत नावाजलेला अल्बम जुलै १९६५ मध्ये जवळपास एका दिवसात रेकॉर्ड झाला. साथीला स्टॅक्सचा घरचा संच, बुकर टी. अँड द एमजीज: दोन कृष्णवर्णीय, दोन गोरे. त्या काळच्या मेम्फिसमध्ये हे चौघे एका हॉटेलात शेजारी बसून जेवले असते तरी लोक वळून बघत. स्टुडिओच्या दाराआड मात्र रोज एकत्र वाजवत होते.

१९६७ मध्ये युरोपचा दौरा झाला आणि ब्रिटनच्या 'मेलडी मेकर' या संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी जगातला सर्वोत्तम गायक म्हणून एल्व्हिस प्रेस्लीला मागे टाकून ओटिसला निवडलं. त्याच वर्षी १७ जूनच्या रात्री कॅलिफोर्नियातला मॉन्टरे पॉप महोत्सव. समोर बहुतेक गोरी हिप्पी पोरं. त्यांतल्या कित्येकांनी तोवर त्याला प्रत्यक्ष ऐकलेलंही नव्हतं. पाच गाणी गायला आणि मैदान त्याचं झालं. त्यानंतर सहा महिन्यांत तो गेला. म्हणजे ज्या मोठ्या श्रोतृवर्गाने त्याला पुढे डोक्यावर घेतलं, त्यांच्यासाठी तो भेटला आणि गेलाच.

'डॉक ऑफ द बे' हे त्याचं गाणं त्याच्या मृत्यूनंतरच आलं, हे खरं का?

खरं आहे. मॉन्टरेनंतर त्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसलिटो इथे एका हाउसबोटीवर तो मुक्कामाला होता. गाण्याची सुरुवात तिथे सुचली. मग घशाचं ऑपरेशन झालं. काही आठवडे गाणं बंद. नोव्हेंबर अखेरीस मेम्फिसला परतल्यावर गिटारवादक स्टीव्ह क्रॉपरबरोबर त्याने ते पूर्ण केलं आणि रेकॉर्ड केलं. शेवटचं काम ७ डिसेंबरला झालं. तीन दिवसांनी अपघात.

विमानातल्या सगळ्यांचे मृतदेह अजून सापडायचे होते, तेव्हाच रेकॉर्ड कंपनीने क्रॉपरला गाणं तयार करून द्यायला सांगितलं. त्याने एकट्याने बसून मिक्सिंग केलं, लाटांचा आणि समुद्रपक्ष्यांचा आवाज मिसळला. शेवटची शीळ ओटिसचीच. तिथे नंतर बोल भरायचे होते असं सांगितलं जातं. पण ती शीळ राहिली आणि आज निम्म्या जगाला गाण्याआधी ती आठवते.

८ जानेवारी १९६८ ला गाणं बाजारात आलं आणि मार्चमध्ये 'बिलबोर्ड' या संगीत साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन चार आठवडे तिथेच बसलं. गायकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध होऊन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं हे पहिलं सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची रेकॉर्ड. जिवंतपणी ओटिसला हा क्रमांक एकदाही मिळाला नव्हता.

इथे एक तक्रार नोंदवून ठेवतो. या एका गाण्याने ओटिसची आठवण टिकवली आणि थोडी बिघडवलीही. नुसतं तेच ऐकलेल्यांना वाटतं की हा कुणी निवांत, धक्क्यावर पाय सोडून बसणारा गायक होता. खरा ओटिस सहा फुटांहून उंच, घामाने निथळणारा, मंचावर पाय आपटत गाणारा. 'डॉक'मध्ये तो नव्या वळणाला लागला होता एवढंच. ते वळण पुढे कुठे गेलं असतं, याचे अंदाज बांधणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. हातात आहे ते आधी ऐकावं.

अपघातात आणखी कोण होतं?

हा प्रश्न लोक फार कमी विचारतात. खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी.

ओटिसच्या स्वतःच्या बीचक्राफ्ट विमानातून तो क्लीव्हलंडहून विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला निघाला होता. संध्याकाळी तिथे कार्यक्रम. बरोबर बार-केज हा त्याचा साथीचा संच. जिमी किंग, रॉनी कॉल्डवेल, फेलॉन जोन्स, कार्ल कनिंगहॅम: सगळी विशीच्या अलीकडची पोरं, मेम्फिसच्या शाळांतून नुकती बाहेर पडलेली. त्याच वर्षी 'सोल फिंगर' हे त्यांचं स्वतःचं गाणं गाजलं होतं. शिवाय ओटिसचा मदतनीस मॅथ्यू केली आणि पायलट रिचर्ड फ्रेझर. विमानतळ काही मैलांवर असताना दुपारी साडेतीनच्या सुमारास विमान मोनोना तलावाच्या थंडगार पाण्यात कोसळलं.

वाचला एकच, ट्रम्पेटवादक बेन कॉली. त्याला पोहता येत नव्हतं. सीटची गादी छातीशी धरून तो तरंगत राहिला. आसपास मित्रांच्या हाका ऐकू येत होत्या आणि त्यांच्यापर्यंत जाता येत नव्हतं. हे त्याने पुढे आयुष्यभर पत्रकारांना सांगितलं. त्यांनी दर वर्षी डिसेंबरमध्ये तेच विचारलं, त्यालाही इलाज नव्हता.

मग बार-केज संपला का?

नाही. संचातला बेसवादक जेम्स अलेक्झांडर विमानात जागा नसल्याने दुसऱ्या विमानाने येणार होता, म्हणून तो वाचला. अलेक्झांडर आणि कॉली दोघांनी १९६८ मध्ये नवी पोरं जमवून संच पुन्हा उभा केला. आयझॅक हेजच्या १९६९ च्या 'हॉट बटर्ड सोल' अल्बममागे हाच नवा बार-केज आहे. पुढे तो संच फंक या ठेकेबाज, नाचायच्या संगीताकडे वळला आणि दशकानुदशकं चालला. कॉली २०१५ मध्ये वारला.

अलेक्झांडरने आपल्या मुलाचं नाव फेलॉन ठेवलं, तलावात गेलेल्या सॅक्सोफोनवादक मित्राचं. हा मुलगा मोठा होऊन 'जॅझे फा' या नावाने अटलांटाच्या हिप-हॉपमधला नामवंत निर्माता झाला. त्याच्या गाण्यांवर नाचणाऱ्या हजारोंना त्या नावाचा उगम ठाऊक नसेल. पुतळे, टपाल तिकिटं, पुरस्कार सगळं ठीक आहे, पण आठवण पिढी ओलांडते ती अशी, घरातल्या घरात.

त्याच्या कुटुंबाने काय केलं?

अपघात झाला तेव्हा पत्नी झेल्मा पंचविशीच्या होत्या, पदरी तीन लहान मुलं. मेकनच्या सिटी ऑडिटोरियममध्ये अंत्यविधीला हजारो लोक आले. नंतर गर्दी पांगली आणि झेल्मा कामाला लागल्या. मेकनच्या उत्तरेला राउंड ओक इथे ओटिसने घेतलेली जमीन, 'बिग ओ रँच', त्यांनी विकली नाही. ओटिसला तिथेच पुरलं आहे. त्याचं नाव, छबी आणि गाणी कुठे वापरली जातात यावर त्यांनी बारीक लक्ष ठेवलं. वारसा सांभाळणं म्हणजे बरंचसं हेच: करार वाचणं, परवानग्या देणं, नको तिथे नकार देणं.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. 'आय हॅव गॉट ड्रीम्स टू रिमेंबर' हे मृत्यूनंतर आलेलं त्याचं गाणं मुळात झेल्मांनी नवऱ्यासाठी लिहिलेल्या कवितेवरून झालं. गीतकारांत त्यांचं नाव आहे.

२००७ मध्ये त्यांनी ओटिस रेडिंग फाउंडेशन काढलं. मुलगी कार्ला रेडिंग-अँड्र्यूज त्याचं काम बघते. मेकनमध्ये मुलांसाठी संगीत शिबिरं होतात: गाणं लिहायचं, बसवायचं, रेकॉर्ड करायचं. तिथे येणाऱ्या पोरांच्या आजी-आजोबांनी कदाचित ओटिसला ऐकलं असेल. पोरांना तो शहरातल्या पुतळ्यामुळे माहीत असतो. त्यांच्याकडून 'डॉक ऑफ द बे' घोकून घेण्यापेक्षा त्यांना स्वतःचं गाणं लिहायला लावणं हे मला जास्त ओटिसच्या जातीचं वाटतं. आपली कित्येक गाणी त्याने स्वतः लिहिली होती.

मुलं गायला लागली का?

डेक्स्टर आणि धाकटा ओटिस तिसरा या दोघांनी नात्यातल्या मार्क लॉकेटला घेऊन 'द रेडिंग्ज' नावाचा बँड केला. १९८० मध्ये 'रिमोट कंट्रोल' हे त्यांचं फंक गाणं चाललं. १९८२ मध्ये त्यांनी वडिलांचं 'डॉक ऑफ द बे' गायलं आणि तेही बिलबोर्डच्या पहिल्या शंभरात आलं.

आपल्याकडे गायक गेला की शिष्य असतात, घराणं असतं. मुलगा गात असेल तर तो समोर बसून तालीम घेतलेला असतो. इथे तसं काहीच नव्हतं. वडील गेले तेव्हा धाकटा चार वर्षांचाही पुरता झाला नव्हता. त्याला वडील भेटले ते रेकॉर्डमधून, म्हणजे आपल्याला भेटतात तसेच. त्यामुळे वडिलांची गाणी गाणं तो टाळत असे. स्टॅक्सचा गायक एडी फ्लॉइड ओटिसच्या मित्रांपैकी. त्याने या मुलाला युरोपच्या दौऱ्यावर गिटार वाजवायला घेतलं आणि अट घातली: वडिलांची दोन-चार गाणी गायची. ही गोष्ट ओटिस तिसरा स्वतः सांगायचा. त्यानंतर तो ती गाणी गात राहिला. २०२३ च्या एप्रिलमध्ये कर्करोगाने तोही गेला, ५९ व्या वर्षी.

गाण्यांचे हक्क कुणाकडे आहेत? स्टॅक्सकडेच ना?

नाही, आणि ही कहाणी कडू आहे. स्टॅक्स ही जिम स्टुअर्ट आणि एस्टेल ॲक्स्टन या भावाबहिणीने काढलेली कंपनी. रेकॉर्ड वितरणाचं काम न्यूयॉर्कची अटलांटिक कंपनी करायची. १९६८ मध्ये, अटलांटिक वॉर्नर या नव्या मालकाकडे गेल्यावर, स्टुअर्टच्या लक्षात आलं की १९६५ च्या करारातल्या एका कलमाने आजवरच्या वितरित ध्वनिमुद्रणांची मालकी अटलांटिककडे गेली आहे. त्याने करार नीट न वाचता सही केली होती. ओटिस गेल्याला काही महिनेच झाले होते आणि त्याचा आवाजही कंपनीच्या हातून गेला. म्हणून आजही त्याचे अल्बम वॉर्नरच्या छत्राखाली निघतात.

आणि स्टॅक्सचा तो स्टुडिओ?

पत्ता ९२६ ईस्ट मॅकलेमोर अव्हेन्यू, मेम्फिस. मूळचं कॅपिटल नावाचं सिनेमागृह. खुर्च्या काढल्या, पण पडद्याकडे उतरत जाणारी जमीन सपाट करायला पैसे नव्हते. त्या उताराने खोलीला एक घुमारा मिळाला, तो स्टॅक्सच्या रेकॉर्डमध्ये ऐकू येतो.

१९७५ च्या शेवटी कंपनीचं दिवाळं वाजलं. १९८९ मध्ये इमारत पाडली आणि बरीच वर्षं तिथे मोकळा प्लॉट होता. २००३ मध्ये त्याच जागेवर स्टॅक्स म्युझियम ऑफ अमेरिकन सोल म्युझिक उघडलं, दर्शनी भाग जुन्यासारखा, आत स्टुडिओ उतारासकट पुन्हा बांधलेला. शेजारी स्टॅक्स म्युझिक अकॅडमी आहे, आसपासच्या वस्तीतली मुलं तिथे शाळेनंतर शिकतात. शहराने आधी पाडायचं आणि मग हुबेहूब बांधायचं, हा उद्योग आपल्यालाही अनोळखी नाही.

आजच्या तरुणांना तो कुठून कळतो?

प्रत्येक पिढीचं दार वेगळं. १९६८ वाल्यांना रेडिओवर. १९८६ च्या 'प्रिटी इन पिंक' या चित्रपटात एक पोरगा रेकॉर्डच्या दुकानात 'ट्राय अ लिटल टेंडरनेस'वर ओठ हलवत धुमाकूळ घालतो. त्या वयाच्या अमेरिकनांना ओटिस तिथे भेटला. १९९१ च्या 'द कमिटमेंट्स' चित्रपटात डब्लिनची पोरं तेच गाणं गातात. मग २०११ मध्ये जे-झी आणि कान्ये वेस्ट या रॅपरांचं 'ओटिस' हे गाणं आलं. त्यात त्याच गाण्यातले हुंकार आणि तुकडे कापून फिरवले आहेत आणि श्रेयनामावलीत सहगायक म्हणून ओटिस रेडिंगचं नाव आहे. ग्रॅमीही मिळालं.

जुन्या श्रोत्यांपैकी काहींना ही चिरफाड रुचत नाही. मला त्यात गैर दिसत नाही, कारण 'टेंडरनेस' मुळात ओटिसचं नव्हतंच. ते १९३२ चं गुळगुळीत गाणं, त्याने फाडून नव्याने शिवलेलं. तेच कुणी त्याच्या बाबतीत केलं, एवढंच.

'रिस्पेक्ट' अरेथा फ्रँकलिनचं की ओटिसचं?

लिहिलं आणि १९६५ मध्ये प्रथम गायलं ओटिसने. त्यात कामावरून दमून घरी आलेला नवरा बायकोकडे मान मागतो. सोल गायिका अरेथाने १९६७ मध्ये तोच मान बाईच्या तोंडून मागितला, अक्षरं सुटी करून म्हटलेला तुकडा नव्याने घातला आणि गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. मॉन्टरेच्या मंचावर ओटिसने हसत सांगितलं होतं की हे गाणं एका मैत्रिणीने माझ्याकडून पळवलं. पळवलंच. परत मागायची सोय राहिली नाही.

कुठून ऐकायला सुरुवात करू?

'ट्राय अ लिटल टेंडरनेस'पासून, १९६६ च्या मूळ रेकॉर्डवरून, हेडफोन लावून. आधी नुसते फुंकवाद्यांचे सूर, एखाद्या प्रार्थनेसारखे. मग ओटिस, जवळजवळ बोलल्यासारखा. थोड्या वेळाने ड्रमर अल जॅक्सन ड्रमच्या कडेवर काठीने टिक-टिक सुरू करतो. ती टिकटिक ऐकत राहा. तिची लय ढळत नाही, पण भोवती एकेक वाद्य चढत जातं आणि गायकाला मागे थांबणं अशक्य होत जातं. शेवटी शब्द संपतात, नुसते तुटक उद्गार उरतात. ठाय लयीतून द्रुतात जाणारं गाणं ज्यांच्या कानावर आहे त्यांना ही चढण लगेच कळेल.

त्यानंतर 'आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग', मग अख्खा 'ओटिस ब्लू'. स्टॅक्सची गायिका कार्ला थॉमसबरोबरचं 'ट्रॅम्प' हलक्याफुलक्या भांडणासाठी. 'डॉक' शेवटी ठेवा.

अपघातामागे घातपात होता, असं ऐकलं. खरं काय?

अफवा आहेत, पुरावा नाही. तपासात अपघाताचं नेमकं कारण निश्चित करता आलं नाही, त्या पोकळीत अफवा वाढल्या. हिवाळी ढगाळ हवा आणि छोटं विमान एवढं नक्की आहे.

सरकारी किंवा अधिकृत मानसन्मान?

१९८९ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, १९९३ मध्ये २९ सेंटचं टपाल तिकीट, १९९९ मध्ये जीवनगौरव ग्रॅमी. मेकनमध्ये ओक्मल्गी नदीवरच्या पुलाला त्याचं नाव आहे.

अमेरिकेत राहतो किंवा जाणार आहे. काय बघता येईल?

अटलांटाच्या मराठी मंडळींना मेकन गाडीने साधारण दीड तासावर. नदीकाठी गेटवे पार्कमध्ये २००२ मध्ये बसवलेला पुतळा आहे: ओटिस धक्क्यावर बसून गिटार घेऊन लिहितोय. रँच ही कुटुंबाची खासगी जागा आहे, दर्शनाला म्हणून तिथे जाऊन उभं राहू नये. मॅडिसनला विद्यापीठात कुणी शिकत असेल तर मोनोना टेरेसच्या गच्चीवर, तलावाकडे तोंड करून, स्मृतिफलक आहे.

दोन्हीपैकी काहीच जमणार नसेल आणि एकच ठिकाण निवडायचं असेल तर मेम्फिस. संग्रहालयाला निदान अर्धा दिवस द्या. तिकीट काढण्याआधी वेळापत्रक बघून घ्या, आणि अकॅडमीच्या मुलांचा कार्यक्रम त्या दिवशी असेल तर तो चुकवू नका.